गड्ड्याच्या आधी ये

सोलापूर,
20 डिसेंबर

प्रिय मंगल,

परवा फोनवर तुझ्या छातीतल्या गाठीच्या पुढच्या सोनोग्राफीचं विचारलं, तर "गड्डा झाल्यावर बघू की गं" म्हणालीस, म्हणजे आपली सिद्धेश्वरांची जानेवारीतली जत्रा झाल्यावर; मागून सासूबाईंचा आवाज आला आणि फोन कट. म्हणून हे पत्र. पत्र मध्येच कट करता येत नाही.

तुझा जुलैतला सोनोग्राफीचा रिपोर्ट मी परत काढून वाचला. शेवटच्या ओळीत 'बायरॅड्स 3' लिहिलंय. छातीत दिसलं त्यात कॅन्सरचा संशय किती, ते सांगणारा हा आकडा. तुम्ही घरात त्याचा अर्थ 'नॉर्मल' असा लावलात आणि भाऊजींनी पेढे आणले. पेढ्यांना माझी ना नाही. पण नॉर्मलला 1 लिहितात. 2 म्हणजे गाठ आहे, पण साधी आहे ही खात्री. 3 म्हणजे बहुतेक साधीच. कॅन्सर निघायची शक्यता शंभरात फार तर दोन. एवढ्यासाठी लगेच सुई टोचत नाहीत, सहा महिन्यांनी परत बघतात की वाढली का, आकार बदलला का. तेव्हा जानेवारीतली सोनोग्राफी ही जुलैच्याच तपासणीचा राहिलेला भाग आहे. ती केली नाहीस तर जुलैची अर्धीच झाली.

एवढं शहाणपण मला कुठून आलं विचारशील. चुकून आलं. तीन वर्षांपूर्वी न्हाताना उजव्या बाजूला शेंगदाण्याएवढी गाठ हाताला लागली. बोटाखालून निसटायची, दुखायची नाही. मलाही 3 च लिहून आला होता, सहा महिन्यांनी या म्हणाले होते. मी फक्त "घाबरण्यासारखं काही नाही" एवढंच ऐकलं. पुढे दिवाळी, मग पोराची बारावी, मग नणंदेच्या मुलीचं लग्न. फाइल कपाटात साड्यांच्या खाली. गेले ती अकराव्या महिन्यात, आणि गाठ वाढली होती.

मग बायोप्सी. चुलतसासूबाई म्हणाल्या, "सुई लावली की पसरतंय." मी डॉक्टरीणबाईंना तसंच विचारलं. हसल्या नाहीत, हे मला आवडलं. म्हणाल्या, तसं होत नाही, आणि तुकडा तपासल्याशिवाय काय आहे ते कुणालाच सांगता येणार नाही. जागा बधिर करून जाड सुईनं तुकडे काढले. स्टेपलरसारखा टक्‌ आवाज येतो, त्यानंच दचकायला होतं. तासाभरात घरी. रिपोर्टला मात्र आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मी काय काय आवरलं, कुणाला काय द्यायचं ठरवलं, ते भेटल्यावर सांगेन. निघाली फायब्रोअडेनोमा, साधी गाठ. पोरींना होते ती, मला चाळिशीत झाली. पण मंगल, पाच महिने उशीर करूनही सुटले हे माझं नशीब. त्यात माझी अक्कल काही नव्हती.

तू म्हणालीस, "दुखत तर नाही." हेच मावशी म्हणायची. आठवते ना, विड्या वळायची ती? पाळीच्या आधी दोन्हीकडे दुखतं, जडावतं, ते बहुतेक हार्मोनचं असतं. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. मावशीनं दोन वर्षं पदराआड लपवली. कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली, काखेत दुसरी गाठ आली, तेव्हा बार्शीला नेली. बार्शीच्या त्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाच्या भागात खेड्यांतल्या कॅन्सरची नोंद 1987 पासून ठेवतात. म्हणजे हा रोग फक्त पुण्या-मुंबईच्या बायकांचा, हेही आपलं मनाचं समाधान.

तारीख यायच्या आतच गाठ टणक लागली, जागची हलेना, कातडीला खळी पडली, बोंड नव्यानं आत ओढलं गेलं किंवा त्यातून रक्त आलं, तर मात्र माझ्या पत्राचीही वाट बघू नकोस, त्याच दिवशी निघ. हातानं बघायचं असेल तर पाळी संपल्यावर चार-पाच दिवसांनी बघ. आणि रोज चाचपत बसू नकोस गं, नुसती काळजी वाढते.

आता ठरवते ते ऐक. गड्ड्यातल्या अक्षता सोहळ्याच्या आदल्या आठवड्यात अक्कलकोटहून सकाळच्या एसटीनं ये. एकदा गर्दी सुरू झाली की पार्क चौकातून रिक्षा पुढे सरकत नाही. जुलैची फिल्म आणि रिपोर्ट दोन्ही आण. जुनं शेजारी ठेवल्याशिवाय वाढली की नाही हे कशावरून ठरवणार? आणि सासूबाईंनाही घेऊन ये. खरंच सांगते. टाटा हॉस्पिटलनं मुंबईच्या वस्त्यांमधल्या दीड लाख बायकांचा वीस वर्षं अभ्यास केला. निम्म्या जणींची छाती शिकवून तयार केलेल्या बायकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हातानं तपासली. त्यांच्यातल्या पन्नाशीपुढच्या बायकांत या रोगानं होणारे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी झाले. सासूबाईंना सांग, तुम्हाला मशीन नाही, सुई नाही, बाईच बघणार आहे. आणि तू एकटी कुठं चाललीस हा प्रश्नही मिटला.

जेवायला आमच्याकडेच. शेंगाची चटणी कुटून ठेवते, कडक भाकरी तू आण, तुमच्याकडची जास्त दिवस कुरकुरीत राहते. एसटीत बसलीस की मिस्ड कॉल दे, मी स्टँडवर असेन.

तुझीच,
सुनी