कुठली गोळी कशाची: आई-बाबांना पत्र

प्रिय आई आणि बाबा,

फोनवर हे नीट होत नाही. बाबा मधेच बातम्यांचा आवाज वाढवतात आणि आई बरं बरं कळलं म्हणून जेवणाचं विचारायला लागते, म्हणून लिहूनच पाठवतीये. बी.फार्म.ची फी तुम्हीच भरलीत, तर आता वसूल पण करून घ्या.

काकूंच्या मुलाने तुमच्या सगळ्या पाकिटांचे फोटो पाठवले ते बघितले. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही, माझं म्हणणं आहे ते फोटोत कोपऱ्यात दिसलेल्या, चिठ्ठीत कुठेच नसलेल्या पाकिटाबद्दल. बाबा, ती गुडघ्याची गोळी. मेडिकलमधून परस्पर आणलेली, डायक्लोफेनॅक. दुखायचं थांबतं हे खरंच आहे, कारण सूज आणि दुखणं शरीरातल्या ज्या प्रोस्टाग्लॅंडिन नावाच्या रसायनामुळे होतं ते तयारच होऊ देत नाही ती. पण तेच प्रोस्टाग्लॅंडिन पोटाच्या आतल्या अस्तराला ऍसिडपासून वाचवतं आणि किडनीत रक्त आणणारी बारीक नळी उघडी ठेवतं, आणि गोळीला काही गुडघा कुठला नि किडनी कुठली हे कळत नाही, ती सगळीकडेच बंद करते.

आता यात तुमची बीपीची गोळी आणा. टेल्मिसार्टन ४०. शरीरात अँजिओटेन्सिन म्हणून एक रसायन असतं, ते रक्तवाहिन्या आवळतं, त्याची चिकटायची जागाच टेल्मिसार्टन अडवून बसतं म्हणून बीपी उतरतं. किडनीत हेच अँजिओटेन्सिन रक्त बाहेर नेणारी नळी आवळून धरत असतं, बागेतल्या पाइपच्या तोंडावर अंगठा दाबल्यावर मागे प्रेशर तयार होतं ना तसं, आणि त्या प्रेशरवरच किडनी रक्त गाळते. म्हणजे एका गोळीने आत येणारं रक्त कमी केलं आणि दुसरीने अंगठा काढून घेतला. गाळायला जोर कुठून येणार? आणि पाय सुजतात म्हणून तुम्ही तुमच्या मित्रांची ती जास्त लघवी व्हायची गोळी घेऊन बघणार होतात असं आई म्हणाली, ती अजिबात नको. या तीन गोळ्या एकत्र आल्या की किडनी एकदम बसू शकते, हे फार्मसीत अगदी ठरलेलं उदाहरण म्हणून शिकवतात. पायाची सूज बहुतेक तुमच्या दुसऱ्या बीपीच्या गोळीची, अम्लोडिपिनची आहे, ती रक्तवाहिन्या सैल करते आणि काही लोकांना घोट्याशी सूज येते. पण तुमची त्यामुळेच आहे का हे डॉक्टरांनी बघायचं, आणि तोवर मनाने गोळी बंद करायची नाही. दुखण्याच्या गोळीने बीपी वाढतं ते वेगळंच, म्हणजे एका हाताने उतरवायचं आणि दुसऱ्याने चढवायचं.

तुम्ही नेहमी विचारता ना की गिधाडं कुठे गेली, पूर्वी गावाबाहेर मेलेल्या जनावरावर किती बसायची. ती याच डायक्लोफेनॅकने गेली. गुरांना हे इंजेक्शन द्यायचे, ते जनावर मेलं की गिधाडं खायची आणि त्यांची किडनी काही दिवसांत निकामी व्हायची. २००६ मध्ये भारतात गुरांसाठी ते बंद केलं. माणसाला ते गिधाडापेक्षा कितीतरी जास्त सोसतं, मी घाबरवत नाहीये, पण सत्तरीत रोज दोन म्हणजे जरा अतीच.

मग गुडघ्याचं काय? पॅरासिटामॉल घ्या. ते मुख्यतः मेंदूच्या पातळीवर काम करतं, सूज फारशी उतरवत नाही पण दुखणं आणि ताप कमी करतं आणि पोटाला, किडनीला बरंच सौम्य आहे. त्याचा त्रास लिव्हरला, तोही जास्त झालं तर. मोठ्या माणसाला दिवसात ४ ग्रॅम ही अगदी वरची मर्यादा, तुमच्या वयात त्याच्या बरंच आत रहायचं, म्हणजे किती ते डॉक्टरांना विचारा. आणि सर्दीच्या गोळीत पण बहुतेकदा पॅरासिटामॉल असतं, दोन्ही घेतलंत तर जास्त होतं. तशीही सर्दीची गोळी तुम्हाला नकोच, त्यातल्या नाक मोकळं करणाऱ्या औषधाने बीपी वाढू शकतं आणि झोप आणणाऱ्याने प्रोस्टेटवाल्यांची लघवी अडू शकते. वाफ घ्या. गुडघ्याला लावायचं जेल चालेल का हे पण विचारा, ते रक्तात फार कमी उतरतं. रक्त पातळ व्हायची ऍस्पिरिन ७५ चालू आहे ती तशीच चालू ठेवा, पण तिच्याबरोबर दुखण्याची गोळी म्हणजे पोटात रक्तस्रावाची भीती, शी काळीकुट्ट झाली तर लगेच दवाखाना.

आता आई. हसत होतीस ना बाबांना, थांब.

तुझ्या साखरेच्या एका गोळीत दोन औषधं आहेत. मेटफॉर्मिन लिव्हरला साखर कमी सोडायला लावतं, त्याने एकट्याने साखर सहसा फार खाली जात नाही. ग्लिमेपिराइड वेगळं, ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायलाच लावतं, तू जेवलीस का नाही हे ते बघत नाही. आणि तू संकष्टीला सकाळी गोळी घेऊन चंद्रोदयापर्यंत चहा नि अर्धं केळं यावर राहतेस! मागच्या संकष्टीला संध्याकाळी घाम आला, हात थरथरले, ते उपासाने पुण्य लागत नव्हतं गं, साखर उतरली होती. तसं झालं की आधी तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी मशीनवर बघायचं, ७० च्या खाली असेल तर परत. गणपती रागावणार नाही. उपास सोड म्हणत नाही, त्या दिवशी गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांना आधी विचारून ठेव.

आणि ही साखरेची गोळी शीतून अख्खी बाहेर पडते म्हणून तू ती कुटून घेतेस हे ऐकून मी कपाळावर हात मारला. ते नुसतं टरफल असतं. औषध दिवसभर हळूहळू झिरपत गेलेलं असतं, रिकामं कवच तेवढं बाहेर येतं. कुटलीस तर दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं.

तळपायाला मुंग्या येतात म्हणालीस त्या साखरेच्या असू शकतात, पण मला बी-१२ जीवनसत्त्व कमी झाल्याची शंका आहे. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी-१२ कमी होतं, रोजच्या पित्ताच्या गोळीने पण होतं, आणि त्यात तू अंडंसुद्धा खात नाहीस. ती पित्ताची गोळी, पॅंटोप्राझोल, पोटातले ऍसिड सोडणारे पंपच बंद करते, म्हणून ती जेवणानंतर नाही, नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायची असते. आणि तुला ती अजून रोज लागते का हे कोणीतरी विचारायला हवं, कधी सुरू झाली ते तुलाही आठवत नाही.

या शनिवारी बाबांचं क्रिएटिनिन (किडनी नीट गाळतेय का ते त्यावरून कळतं) आणि पोटॅशियम, आईचं बी-१२, एवढं लॅबमध्ये करून घ्या, पैसे मी पाठवते. रिपोर्ट आणि सगळी पाकिटं एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या, ते गुडघ्याचं पाकीट पण न्या बाबा, लपवू नका.

तुमची,
चिमी

ता. क. आई म्हणाली जाहिरात बघून कमी सोडियमचं मीठ आणलंय. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, आणि टेल्मिसार्टनने रक्तातलं पोटॅशियम आधीच वाढू शकतं. साधंच मीठ जरा कमी घाला, आणि लोणचं बाबांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. ते नवीन मीठ काकूंना देऊन टाकू नका, त्यांनाही हीच गोळी आहे.