बघे नेमके कोणाला म्हणायचे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नदीपात्रात भराव पडतो, पदपथावर टपऱ्या उभ्या राहतात आणि बातमी संपते ती ठरलेल्या वाक्यावर: 'प्रशासन बघ्याची भूमिका घेत आहे.' माझी तक्रार या वाक्याबद्दल आहे.

बघ्या म्हणजे ज्याचा त्या प्रसंगाशी काही संबंध नाही, ज्याच्यावर कसली जबाबदारी नाही, असा निव्वळ कुतूहलापोटी थांबलेला माणूस. विहिरीत पडलेल्या बिबट्याला वनखाते वर काढत असते तेव्हा कठड्याभोवती जमतात ते बघे. त्यांना कुणी बोलावलेले नसते आणि ते निघून गेले तरी कुणाचे अडत नाही. त्रयस्थाचे तसे नाही. बांधावरून भांडण झाले की दोन्ही बाजू त्रयस्थाला मुद्दाम बोलावून आणतात. पंच तटस्थ असतो, पण निवाडा त्याला द्यावाच लागतो.

मग अतिक्रमण हटवणे हे ज्याचे नेमून दिलेले काम, तो अधिकारी बघ्या कसा? त्याला बघ्या म्हटले की कर्तव्यातली कसूर एकदम सौम्य वाटू लागते. त्यातून 'भूमिका घेतली' म्हणायचे, म्हणजे जणू त्याने विचारपूर्वक काही ठरवले! तक्रार येऊनही पंचनामा केला नाही, नोटीस बजावली नाही, असे सरळ छापा. कोणत्या खात्याने, तेही छापा.

उलट अपघाताच्या बातमीत 'बघ्यांची गर्दी झाली' असे सरसकट लिहिले जाते. जखमीला रिक्षात घालणारे, १०८ क्रमांकावर फोन लावणारे, वाहने थांबवून वाट करून देणारे याच गर्दीतले असतात. बाकीच्यांपैकी अनेकांचे पाय पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल या भीतीने अडतात. वास्तविक मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने कलम १३४-अ आले आहे. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर, मदत करताना काही चूक झाली तरी, दिवाणी वा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही. नाव-पत्ता सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. हे ठाऊक असलेली माणसे माझ्या ओळखीत फारच थोडी आहेत.

तेव्हा विनंती अशी की, अपघाताच्या बातमीत मदत कुणी आणि कशी केली, हे वार्ताहरांनी विचारून लिहावे आणि सोबत या कलमाची छोटी चौकट द्यावी. आपल्या पानावर तेवढी जागा नक्की निघेल.

आपली नियमित वाचक,
सातारा