दिनविशेषात कोण येतं आणि कोण राहून जातं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी लालबागला राहते. पालिकेच्या मराठी शाळेत बत्तीस वर्षं शिकवलं, आता निवृत्त आहे. आमच्या गल्लीतल्या वाचनालयाच्या दाराशी एक फळा आहे, त्यावर रोज सकाळी मी दिनविशेष लिहिते, शाळेत परिपाठाला लिहायचे तीच सवय पुढे चालू राहिली. माझ्या अक्षरात त्या फळ्यावर सात ओळी मावतात, पहिली वार-तारीख-तिथीला जाते, उरल्या सहा. एवढी वर्षं त्या सहा ओळी मी बहुतेक तुमच्या पेपरातनंच उतरवून घेत आले, म्हणून हे पत्र हक्कानं लिहितेय.

गेल्या १० जूनला पेपर उघडला तर दिनविशेषात नऊ नोंदी. दोन नट, एक नटी, एक क्रिकेटपटू यांचे वाढदिवस, कुठल्यातरी परदेशी कंपनीची स्थापना, एक जागतिक अमुक दिन, आणि बाकी सगळे जन्म-मृत्यू. नारायण मेघाजी लोखंडे नाहीतच. १० जून १८९० ला मुंबईच्या गिरणी मालकांनी कामगारांना रविवारची सुट्टी द्यायचं कबूल केलं, तो हा दिवस. त्याच्या आधी गिरणीतला माणूस उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत मशीनपुढे उभा असायचा, आठवड्याचे सातही दिवस. लोखंडे हे जोतिराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’ हे साप्ताहिक चालवायचे, १८८४ मध्ये त्यांनी परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, मग पुढची सहा वर्षं अर्ज-विनंत्या, आणि २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले, त्या सभेत दोन बायकासुद्धा उभ्या राहून बोलल्या. १८९० साली! हे वर्गात सांगताना माझ्या अंगावर दरवेळी काटा यायचा.

माझे वडील गिरणीत साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात होते. रविवारी सकाळी ते आम्हा भावंडांना घेऊन चालत राणीच्या बागेत जायचे, येताना शेंगा घ्यायचे, बाकी सहा दिवस आम्हाला ते फक्त झोपलेले नाहीतर डबा भरून निघालेले दिसायचे. ती रविवारची सकाळ कुणीतरी भांडून मिळवलेली होती हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. शाळेत असताना कुठल्याच फळ्यावर ते वाचल्याचं आठवत नाही.

नट-नट्यांवर माझा राग नाहीये. पण मला सांगा, अमुक एक जण अमुक तारखेला जन्मला, तर त्या दिवशी नक्की काय घडलं? त्या घरात आनंद झाला, बस. त्या माणसानं जे केलं ते पुढे वीस-तीस वर्षांनी केलं, मग त्याची ती तारीख शोधा ना. जन्मतारखा गोळा करणं सोपं असतं, यादी तयार मिळते, म्हणून त्या छापल्या जातात असं मला वाटतं. बरं, मागच्या शंभर वर्षांतल्या प्रसिद्ध माणसांच्याच जन्मतारखा मिळतात, महालक्ष्मीला बोललेल्या त्या दोघींच्या कुठून मिळणार.

मी फळ्यासाठी स्वतःपुरता एक प्रश्न ठरवलाय, तो तुमच्यापुढे ठेवते. त्या दिवसानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाचं काय बदललेलं होतं? याचं उत्तर एका वाक्यात देता आलं तर ती घटना फळ्यावर. १५ जुलै १९२६ ला मुंबईत पहिली बस धावली, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर ते कुर्ला विजेवर चालणारी पहिली लोकल गेली. ३१ मार्च १९६४ ला रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लोक ट्रामशिवाय कामाला निघाले. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला गोळीबारात पंधरा माणसं गेली, आज आपण त्या चौकाला हुतात्मा चौक म्हणतो. यातलं काही मोठ्या राजा-महाराजांचं नाहीये तरी या शहरात ज्याला रोज घराबाहेर पडायचंय त्याच्याशी त्याचा संबंध आहे.

१४ एप्रिलचं तर मला फारच लागतं. त्या दिवशी बाबासाहेबांची जयंती, तिला पहिली ओळ, यात कसलाच प्रश्न नाही. पण त्याच तारखेला १९४४ साली व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन नावाच्या बोटीचा स्फोट झाला. बोटीत कापसाच्या गाठी, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा एकत्र भरलेल्या, कापसाला आग लागली, दुपारी चारच्या सुमाराला पहिला स्फोट आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. माझ्या सासूबाई तेव्हा नऊ वर्षांच्या, मांडवीला राहायच्या. त्या सांगायच्या की आकाशातनं पेटलेला कापूस पडत होता, आई पाण्याची बादली घेऊन गॅलरीत उभी आणि जो गोळा पडेल त्याच्यावर तांब्यानं पाणी मारत होती, खिडकीला एकही काच शिल्लक नव्हती आणि लहान मुलांना पायात काही न घालता तसंच उचलून भायखळ्याकडे नेलं. शेकडो माणसं मेली, आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान मेले. आज देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो याच्यामुळे. आणि तुमच्या दिनविशेषात ‘अग्निशमन सेवा दिन’ एवढे तीनच शब्द असतात! तीन शब्दांत कुठला मुलगा विचारणार की का बुवा हा दिवस. त्याच ओळीत ‘व्हिक्टोरिया डॉक, ६६ जवान’ एवढं जरी टाकलंत तरी तो घरी जाऊन आजोबांना विचारेल.

आता माझाच प्रश्न कुठे कमी पडतो तेही सांगते, कारण यावर मी बऱ्याच रात्री विचार केलाय. २० मार्च १९२७, महाडचं चवदार तळं. दुसऱ्या दिवशी सकाळी काय बदललं? परत येणाऱ्यांना मारहाण झाली होती, नंतर तळं ‘शुद्ध’ करून घेतलं, नगरपालिकेनं तळं सगळ्यांना खुलं करायचा आपलाच ठराव मागे घेतला आणि हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. म्हणजे माझ्या प्रश्नानं ही घटना बाहेर जायला हवी, आणि ती बाहेर गेली तर माझा प्रश्नच चुकीचा आहे. तेव्हा मी त्याला आणखी एक जोडलं, की त्या दिवसाच्या आधी जे कुणी करून बघितलं नव्हतं ते त्या दिवशी केलं का? ओंजळभर पाणी प्यायले, ते परत न प्यायल्यासारखं कुणाला करता आलं नाही.

आणि दुसरी गोष्ट १ ऑगस्टची. १ ऑगस्ट १९२० ला लोकमान्य टिळक सरदारगृहात गेले, आणि त्याच दिवशी वाटेगावला अण्णाभाऊ साठे जन्मले. काही वर्षांपूर्वी मी फळ्यावर टिळकांचं लिहीत गेले, स्वराज्य, केसरी, गिरगाव चौपाटीवरचा अंत्यविधी, त्यात पाच ओळी संपल्या. शेवटच्या ओळीत एक जागतिक दिन होता, त्याच्या शेजारी उरलेल्या जागेत बारीक अक्षरात ‘अण्णाभाऊ साठे जयंती’ बसवलं. रोज पेपर वाचायला येणारे एक काका आहेत, पूर्वी गिरणीत होते, ते फळ्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि मला म्हणाले, “बाई, अण्णाभाऊंना तिकडे कोपऱ्यात का कोंबलंत?” आवाज चढवला नाही, बस एवढंच बोलून आत जाऊन बसले. मी ओलं फडकं घेतलं आणि सगळा फळा पुसला. तीन ओळी टिळकांना, तीन अण्णाभाऊंना, वाटेगावहून मुंबईपर्यंत पायी आले, गिरणीत काम केलं, घाटकोपरच्या चिरागनगरमध्ये राहून लिहिलं. जागतिक दिन गेला. तेव्हापासून मी जयंतीच्या बाबतीत इतकं मानते, की जी जयंती लोक स्वतः रस्त्यावर येऊन साजरी करतात, त्या दिवशी कामाला खाडा करून फुलं घेऊन जातात, ती आजची घटना आहे, शंभर वर्षांपूर्वीची नाही. ती आलीच पाहिजे. २६ नोव्हेंबरलाही मी असंच करते, १९४९ ला संविधान स्वीकारलं त्याच्या तीन ओळी आणि २००८ च्या हल्ल्याच्या तीन, एकामुळे दुसरं झाकलं जाऊ देत नाही.

तारीख पक्की आहे का हे बघणं तर पहिलं काम. दर वर्षी १४ फेब्रुवारीला व्हॉट्सॲपवर मेसेज फिरतो की आज भगतसिंगांना फाशी झाली, लोक हळहळतात, पुढे पाठवतात. फाशी झाली २३ मार्च १९३१ ला, लाहोरला. शिक्षा सुनावली ती सुद्धा ७ ऑक्टोबर १९३० ला. लोखंड्यांच्या बाबतीतही फॉरवर्डमध्ये लिहितात की त्यांनी अख्ख्या देशाला रविवारची सुट्टी मिळवून दिली, तसं लिहू नये, सरकारी कचेऱ्यांना ती आधीपासून होती, त्यांनी ती गिरणी कामगारांना मिळवून दिली आणि ते काही कमी नाही. आवडत्या माणसाबद्दल जास्तीचं लिहिलं की जे खरं आहे त्याच्यावरचाही लोकांचा विश्वास उडतो, हे मी शिक्षकी पेशात बघितलंय.

काही ठिकाणी दोन तारखा असतात आणि दोन्ही खऱ्या. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ २१ एप्रिल १९१३ ला ग्रँट रोडच्या ऑलिम्पिया थिएटरात निमंत्रितांना दाखवला, आणि ३ मे ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये सगळ्यांसाठी लागला. मी ३ मे धरते, कारण त्या दिवशी कुणीही तिकीट काढून आत जाऊ शकत होतं. तुम्ही दुसरी धरा हवं तर, पण एका वर्षी ही आणि एका वर्षी ती असं करू नका, मुलं गोंधळतात. आणि शिवकाळाच्या तारखांसोबत कृपा करून तिथी द्या. महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, १९ फेब्रुवारी १६३०. ही इंग्रजी तारीख जुन्या ज्युलियन कॅलेंडरची, आजच्या कॅलेंडरनं ती १ मार्च येते. राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, ६ जून १६७४, तिथेही तोच दहा दिवसांचा फरक. इंग्रजांनी स्वतः कॅलेंडर बदललं ते १७५२ मध्ये, २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर. हे एकदा चौकटीत समजावून छापलंत तर दर फेब्रुवारीत तिथी की तारीख म्हणून घराघरात जी भांडणं होतात त्यात निदान लोक माहिती असून भांडतील.

एक गोष्ट मात्र मला अजून सुटलेली नाही. गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, ती तारीख मी लिहिते. पण संपला कधी? तो कुणी रीतसर मागे घेतलाच नाही. गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या, कुणाची थकबाकी राहिली, कुणी गावी गेलं ते परत आलंच नाही, आमच्या गल्लीतली खानावळ एक दिवस बंद झाली आणि ती बाई कुठे गेली कळलं नाही. भोंगा शेवटचा कुठल्या दिवशी वाजला हे मी वडिलांना विचारलं होतं, त्यांनाही सांगता येईना, म्हणाले रोज वाजायचा म्हणून लक्ष ठेवलं नाही. या गावातलं एवढं मोठं जे घडलं त्याला तारीखच नाही, मग ते दिनविशेषात येणार कसं? मी १८ जानेवारीला दोन ओळी जास्तीच्या लिहून त्यातच ते सांगते. तुम्हाला दुसरा काही मार्ग सुचला तर जरूर छापा.

तुमच्याकडे जागा कमी असते हे मला कळतं, फळ्यावर सुद्धा सहाच ओळी आहेत. म्हणून म्हणते, नऊ नोंदी नकोत. चारच द्या, पण प्रत्येकीला ‘कुणासाठी आणि काय’ एवढं सांगणारं एक पूर्ण वाक्य द्या. त्यातली एक तरी आपल्या मुंबईची असू दे. आणि वाचकांकडून मागवा, लालबाग, डोंगरी, माझगाव, धारावी, प्रत्येक वस्तीत तारखा सांभाळून ठेवलेली म्हातारी माणसं आहेत, फक्त त्यांनी सांगितलेलं कुणीतरी एकदा ताडून बघायला हवं, ते काम मी बिनपगारी करायला तयार आहे.

येत्या १० जूनला पेपर आला की मी आधी तेच पान उघडणार आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
लालबाग, मुंबई