मलिगाटॉनीला कॉर्नफ्लॉवर लागत नाही

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत थंडीतल्या सुपांचं पान वाचलं. टोमॅटो, पालक आणि लाल भोपळ्याच्या पंगतीत मलिगाटॉनीलाही जागा मिळाली, याचा मनापासून आनंद झाला. कृती वाचून मात्र वाईट वाटलं. दोन चमचे तयार करी पावडर, पाण्यात कालवलेलं कॉर्नफ्लॉवर आणि वरून क्रीम. ज्यांनी हे सूप कधी चाखलेलं नाही ते घरी असंच करतील, त्यांच्या वाटीत पिवळं, चिकट काहीतरी येईल आणि पुन्हा कुणी त्याच्या वाटेला जाणार नाही. तसं होऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

माझे वडील रेल्वेत गार्ड होते. आम्ही भायखळ्याच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये राहायचो आणि शेजारी एक अँग्लो-इंडियन कुटुंब होतं. त्या आंटींच्या घरी रोजच्या जेवणात पेपर वॉटर, म्हणजे मिरीचं पाणी, असायचं. चिंचेचा कोळ, टोमॅटो, ठेचलेली मिरी, जिरं, लसूण आणि वरून मोहरी, सुकी मिरची, कढीपत्त्याची फोडणी. ते भातावर ओतून घ्यायचं आणि सोबत सुकं परतलेलं मटण. मलिगाटॉनी व्हायचं ते रविवारी किंवा पाहुणे आले की. या दोन्हींचं मूळ एकच, तमिळ घरांतलं मिरीचं पातळ पाणी. मद्रास इलाख्यातल्या इंग्रजांना जेवणाच्या सुरुवातीला सूप लागे, म्हणून तिथल्या स्वयंपाक्यांनी त्या पाण्यात मटणाचा रस्सा, कांदा, डाळ घालून ते भरीव केलं. पुढे ते इंग्लंडला गेलं. तिथे करी पावडर, मैदा आणि सफरचंद त्यात आलं, आणि नंतर ते डबाबंदही झालं. आपण छापलेली कृती त्या इंग्लंडच्या वळणाची आहे. मुंबईत ताजी मिरी, नारळ आणि कढीपत्ता हाताशी असताना तिची गरज काय?

आता कृती. चार-पाच माणसांना पुरेल अशी सांगते.

खाटकाकडून सूपसाठी नळी आणि मानेचे तुकडे मिळून अर्धा किलो आणा. ते धुऊन दीड लिटर पाण्यात अर्धा कांदा, आल्याचा तुकडा, तमालपत्र आणि मीठ घालून मंद आचेवर दोन तास ठेवा. वर येणारा फेस काढत राहा. घाई असेल तर कुकर चालतो, पण शिट्ट्यांनंतर वाफ आपोआप जिरू द्या. मटण केलं की आपल्या घरात पोरांना आधी वाटीभर अळणी देतात ना, तेच हे. ते गार झाल्यावर वर जमलेली चरबी चमच्याने काढून टाका. हे टाळलंत तर सूप तेलकट लागतं आणि मिरीची चव दबते.

पाऊण वाटी मसूर डाळ हळद घालून मऊ शिजवून घोटून घ्या. दाटपणा देण्याचं काम हिचं. कॉर्नफ्लॉवरने नुसता बुळबुळीतपणा येतो, चव काही येत नाही.

मसाल्यात खरी मेख आहे. दोन चमचे धणे, एक चमचा जिरं, दोन सुक्या मिरच्या आणि चार-पाच मेथीदाणे कोरडे भाजून वाटा. मिरी एक मोठा चमचा, तीही आयत्या वेळी खलबत्त्यात ठेचलेली. तिचे दोन भाग करा. अर्धी आता मसाल्यात जाईल, अर्धी गॅस बंद करताना. आधी घातलेली मिरी घशात उब देते आणि शेवटी घातलेली नाकाला कळते. डब्यातल्या जुन्या पुडीने यातलं काहीच होत नाही.

तुपावर दोन कांदे गुलाबी परता. मग आलं-लसूण, कढीपत्ता, वाटलेला मसाला आणि एक टोमॅटो. आंबट हिरवं सफरचंद मिळालं तर एक किसून घाला. एप्रिल-मेमध्ये त्याऐवजी मी कैरीच्या दोन फोडी घालते आणि मला ते अधिक आवडतं. यावर गाळलेली अळणी आणि डाळ घालून वीस मिनिटं उकळा. हाडांचं मांस सोडवून त्याचे बारीक धागे करून आत टाका. आंटी सूप चाळणीतून गाळून घ्यायच्या, मी गाळत नाही. शेवटी आच अगदी कमी करून नारळाचं वाटीभर जाड दूध घाला आणि त्यानंतर उकळी येऊ देऊ नका, दूध फुटतं. गॅस बंद, उरलेली मिरी, अर्ध्या लिंबाचा रस. वाटीच्या तळाशी चमचाभर मोकळा भात घालून वर सूप ओता. श्रावणात हेच मी गाजर, दुधी आणि घेवड्याच्या पाण्यात करते. तेव्हा डाळ थोडी वाढवायची.

संपादक महोदय, आणखी एक. आपल्या पुरवणीत पाठारे प्रभू, सीकेपी, कोकणी मुस्लिम आणि ईस्ट इंडियन घरांतले पदार्थ आवर्जून येतात, मी ते कापून ठेवते. अँग्लो-इंडियन घरांतले पदार्थ मात्र माझ्या वाचनात आले नाहीत. पुष्कळ लोक त्यांना आणि ईस्ट इंडियनांना एकच समजतात. ईस्ट इंडियन हे मुंबई-साष्टी-वसईचे मूळचे मराठी बोलणारे ख्रिस्ती. अँग्लो-इंडियन म्हणजे ज्यांच्या बापाकडच्या पूर्वजांत कुणी युरोपीय होता असे भारतीय. राज्यघटनेच्या ३६६व्या अनुच्छेदात तशी व्याख्याच आहे. आपल्या विधानसभेत २८८ निवडून आलेल्या सदस्यांसोबत त्यांचा एक नियुक्त सदस्य बसायचा. २०२० साली ती तरतूद संपली. स्वातंत्र्यानंतर हजारो कुटुंबं इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडाला गेली. आमच्या शेजारचं कुटुंबही गेलं. जी इथे राहिली त्यांच्या घरांत अजून बॉल करी (खिम्याच्या गोळ्यांचा रस्सा) आणि पिवळा भात, कंट्री कॅप्टन ही कोंबडीची करी, नाताळचे कलकल हे तळलेले गोड शंखोळे होतात.

या घरांतल्या वडीलधाऱ्या बायकांकडून कृती मागवून एखादी लेखमाला काढावी, ही कळकळीची विनंती. कुणी इंग्रजीत लिहून पाठवलं तर मराठीत उतरवण्याचं काम मी विनामोबदला करीन, आणि छापण्याआधी प्रत्येक पदार्थ घरी करून मापं तपासून देईन.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, भायखळा (पूर्व)