तुमच्याच खात्याची इमारत

डब्लिन

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पाठवलेल्या जुन्या फोटोतली ती मोठ्या खांबांची इमारत कोर्ट आहे का, असं तुम्ही विचारलंत. कोर्ट नाही, पोस्ट! इथलं जनरल पोस्ट ऑफिस, १८१८ साली उघडलेलं. शेजारचा उंच स्तंभ ब्रिटिश आरमाराच्या ॲडमिरल नेल्सनचा.

फोटोवर साल नाही, पण अंदाज बांधता येतो. रस्त्यावर विजेच्या ट्रामच्या तारा आहेत, म्हणजे १८९६च्या आधीचा नाही. आणि खांबांवरच्या त्रिकोणात ब्रिटिश राजचिन्ह दिसतंय. आता तिथे ते नाही. १९१६च्या ईस्टर सोमवारी, २४ एप्रिलला, आयरिश बंडखोरांनी हे पोस्टच ताब्यात घेतलं आणि त्यांच्या नेत्यानं, पॅट्रिक पिअर्सनं, दारासमोर उभं राहून प्रजासत्ताकाचा जाहीरनामा वाचला. पुढे तोफांचा मारा, आग, आणि शुक्रवारी आतल्यांना बाहेर पडावं लागलं. उरल्या फक्त बाहेरच्या भिंती आणि खांब. त्यामागची इमारत नव्यानं उभारून १९२९ला पुन्हा उघडली, राजचिन्हाशिवाय. म्हणजे फोटो आगीच्या आधीचा.

पोस्टच का धरलं, हे तुम्हाला मी काय सांगणार? तारघर तिथेच होतं ना! टेलिफोन एक्स्चेंज मात्र त्यांना घेता आलं नाही, त्यामुळे ब्रिटिश सैन्याचे फोन चालू राहिले. माझ्या मते ही चूक फार महागात पडली, पण इथल्या लोकांशी या विषयावर वाद घालायचा नाही, एवढं शिकले आहे.

नेल्सन १९६६च्या मार्चमध्ये बॉम्बनं उडवला. त्याच्या जागी आता १२० मीटर उंचीची पोलादी सुई आहे. मला ती मुळीच आवडत नाही. रस्त्याचं नावही बदललं, सॅकव्हिलचं ओ'कॉनेल झालं. पोस्ट मात्र अजून पोस्टच आहे. तिकिटं तिथेच मिळतात, रांगही असते. खांबांवर गोळ्यांच्या खुणा दाखवतात.

तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट: स्वातंत्र्यानंतर इथल्या लाल टपालपेट्या फेकून न देता हिरव्या रंगवल्या. जुन्या पेट्यांवर हिरव्या रंगाखाली राजाची आद्याक्षरं अजून उठून दिसतात. सरकारी काटकसर सगळीकडे सारखीच!

आईला सांगा, पार्सल मिळालं. गुडघ्याचं काय म्हणाले डॉक्टर, ते सविस्तर कळवा.

तुमची,
धाकटी