मंत्रीमहोदय, आमच्या भिंतीचे पैसे कधी देताय?

मा. मंत्रीमहोदय, उच्च व तंत्रशिक्षण, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार. पत्रास कारण की, मंगळवारी सकाळी कॉलेजला जाताना बघितलं तर आमची भिंत पांढरी केलेली.

कुठली भिंत ते सांगते. मी एका कला महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते, हे अकरावं वर्ष. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये इथल्या नगरपालिकेचे (नाव घेत नाही, राहायचं इथंच आहे) दोन साहेब थेट वर्गात आले. स्वच्छ सर्वेक्षण आहे, मुलांना प्लॅटफॉर्म मिळेल मॅडम, वर २२ रुपये स्क्वेअर फूट देऊ म्हणाले. ४२० फूट लांब, ८ फूट उंच भिंत. मे महिन्यात, म्हणजे मला पगार नसतो त्या महिन्यात, १४ पोरं १९ दिवस त्या भिंतीला चिकटून होती. परांचीसुद्धा दिली नाही कुणी, कॉलेजचे बाक ड्रमवर ठेवून त्यावर उभी राहिली. एकाने वासुदेव काढला होता, त्याच्या टोपीतल्या मोरपिसांना दोन दिवस घालवले, मी ओरडले की अरे रस्त्यावरची भिंत आहे, कोण बघणारे एवढं, तर म्हणाला मॅडम मी बघणारे. मग उद्घाटन झालं, फोटो झाले, सर्टिफिकेटं मिळाली, त्यात ५ जणांची नावं चुकलेली.

पैसे अजून मिळालेले नाहीत. चौदा महिने झाले.

हिशोब करते, माझं गणित कच्चंय, चुकलं तर आपल्या सचिवांनी दुरुस्त करावं. ३,३६० स्क्वेअर फुटाचे होतात ७३,९२० रुपये. त्यातले ३१,००० रंग, पुट्टी, रोलर, ब्रशचे गेले. उरलेले १४ जणांत, १९ दिवसांत वाटले तर माणशी रोज १६१ रुपये. म्हणजे वेळेवर दिले असते तरी तेवढेच, त्या भिंतीला पुट्टी मारणारा गडीसुद्धा या पैशात आला नसता. आणि ते ३१,००० कुणी भरले? १२,५०० मी भरले, बाकीची हार्डवेअरवाल्याकडे उधारी, माझ्या नावावर. तो भला माणूस आहे, पण आता तोही फोनवर 'ताई' म्हणायचं सोडून 'मॅडम' म्हणायला लागलाय.

आता भिंत पांढरी का केली, तर तिथं डिजिटल प्रिंटचे बोर्ड लागणारेत, टेंडर निघालंय. वासुदेव काढणारा पोरगा चौकशी करून आला. अनामत रक्कम, जीएसटी नंबर, तीन वर्षांची उलाढाल. पोरगं २१ वर्षांचं आहे साहेब, तीन वर्षांपूर्वी ते बारावीला होतं.

आणि योगायोग बघा, गुरुवारी आमच्याकडे वरून आलेल्या परिपत्रकाप्रमाणे 'उद्योजकता जाणीव-जागृती कार्यशाळा' होती. टाय लावलेले एक पाहुणे दीड तास बोलले, नोकरी मागणारे नका होऊ, देणारे व्हा. शेवटी एका पोरीने उठून विचारलं, सर, गिऱ्हाईक पैसेच देत नसेल तर काय करायचं? तर म्हणे, बेटा, त्याकडे नेटवर्किंग म्हणून बघायचं. मी मागच्या बाकावर बसून चहा पीत होते, तो नाकातून आला.

उत्तर होतं की त्या प्रश्नाला, ते द्यायला टाय लागत नाही. एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा २००६ सालचा आहे. या कायद्याखालची 'उद्यम' नोंदणी असली तर ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावेच लागतात, नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. पण ही नोंदणी, कोटेशन, अॅडव्हान्स, लेखी वर्कऑर्डर हे चार वर्षांत एका तासालाही कुणी शिकवत नाही. कॉपीराइटचंही, म्हणजे आपल्या कलेवरच्या आपल्या हक्काचंही, तेच. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं ब्राँझचं म्युरल (भित्तिशिल्प) सरकारने १९७९ मध्ये काढून टाकलं होतं, ते कोर्टात गेले, २००५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने म्युरल परत द्यायला लावलं आणि वर ५ लाख भरपाई. २६ वर्षं लागली. मला ही केस कॉलेजात नाही कळली, मंगळवारी रात्री झोप येईना म्हणून मोबाइलवर शोधताना कळली. मीच वर्कऑर्डर मागितली नव्हती. गुरू असा, तर चेल्यांचं काय होणार.

माझं म्हणाल तर तासांचे पैसे मिळतात, तेही सहा-सहा महिन्यांनी. दिवाळी, मे, परीक्षा, सगळं कोरडं. संध्याकाळी रुखवताच्या ऑर्डरी करते, त्यावर घर चालतं. पन्नास हजारांच्या शिशु मुद्रा लोनसाठी एका बँकेत गेले, तर साहेबांनी डिग्री उलटसुलट बघितली आणि विचारलं, फाइन आर्ट म्हणजे फोटो स्टुडिओ का? शेवटी बांगड्या ठेवल्या. माझी मुलगी सुंदर काढते चित्रं, आणि मी तिला सायन्स घे म्हणून मागे लागलेय. चित्रकला शिकवणारी आई. लिहायलाही लाज वाटतेय.

आणि तिकडे मुंबईत २०२५ मध्ये मनोरंजन उद्योगाची वेव्हज समिट झाली, राज्याचं ॲनिमेशन-गेमिंगचं धोरण आलं, ३,२६८ कोटींचं. अभिनंदन. पण त्या कॉम्प्युटरवर बसणारं पोरगं येणार कुठून? शाळेत चित्रकलेचा मास्तर ठेवलाय का? आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात लिहिलंय, सहावी ते आठवीला शंभरावर मुलं असतील तर कलेला अर्धवेळ निदेशक. अर्धवेळ! तोही किती शाळांत दिसतो ते कधी न सांगता जाऊन बघा. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेला ए ग्रेड आली की दहावीला ७ मार्क, एवढ्यासाठी आईबाप पोराच्या हातात ब्रश देतात, मार्क मिळाले की काढून घेतात. मुंबईचं जेजे कला महाविद्यालय १८५७ सालचं, २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा मान मिळाला, आनंदच आहे, पण कला संचालनालय तुमच्याच खात्यात आहे ना, मग मुंबईच्या बाहेरची आमच्यासारखी कॉलेजं कुणाच्या खात्यात?

आमची दोन पोरं दर पावसाळ्यात पेणला गणपतीच्या कारखान्यात जातात, डोळ्यांच्या आखणीला. कारखानदाराकडे ना लेटरहेड ना धोरण, पण शनिवारच्या शनिवारी पैसे मोजून हातावर ठेवतो. आणि सरकार नावाचं गिऱ्हाईक भिंत रंगवून घेतं, पैसे बुडवतं आणि वर त्याच पोरांना उद्योजक व्हा म्हणून व्याख्यान देतं, त्या व्याख्यात्याचं मानधन मात्र त्याच दिवशी निघतं.

नगरपालिका माझ्या खात्यात येत नाही, असं उत्तर येईल मला माहितीये. या दाराचं त्या दारात आम्ही चौदा महिने केलंय. तुम्ही एक फोन करा. आणि पुढच्या जूनपासून फाउंडेशनच्या, म्हणजे पहिल्या वर्षाच्या वर्गाला आठवड्यातून एक तास बिल कसं करायचं, करार कसा वाचायचा यासाठी द्या. मी शिकवीन, त्या तासाचे पैसे उशिरा दिले तरी चालतील, सवय आहे.

बिलाची प्रत सोबत जोडलीये. ही तिसरी.

आपली नम्र,
एक तासिका तत्त्वावरची शिक्षिका
(नाव लिहीत नाही, यंदाच्या नेमणुकीची मान्यता अजून यायचीये)