सर्बियातल्या क्रागुयेवात्सहून पत्र

आई, बाबा,

फोनवर सगळं बोलणं होत नाही म्हणून हे लिहितोय, आणि आई, आधी खाण्याचं सांगतो म्हणजे तू निवांत वाचशील. इथे सध्या गल्लीभर लाल मिरच्या भाजल्याचा वास सुटलाय, तू गॅसवर वांगं भाजतेस ना अगदी तस्सा, त्या सोलून कुटून, तेलात परतून बरण्या भरतात, हिवाळ्याची बेगमी, त्याला आयवार म्हणतात. घरमालक आजोबांनी मला एक बरणी दिलीय, पोळी नाहीये पण पावाला लावून हाणतोय.

बाबा, गाव तुमच्या पिंपरी-चिंचवडसारखंच आहे हो, फक्त जुनं. 1853 साली इथे पहिली तोफ ओतली, त्या कारखान्यातूनच पुढे झास्तावा कंपनी उभी राहिली, बंदुका पण आणि गाड्या पण. गाड्या फियाटच्या लायसन्सवर! चिमुकली फिचा 1985 पर्यंत निघत होती. युगो तर थेट अमेरिकेत विकली, 3,990 डॉलरला, तिकडे तिच्यावर जोक फार झाले पण इथे कोणी हसत नाही. 1999 मध्ये नाटोचे बॉम्ब पडले तेव्हा कामगार कारखाना सोडायला तयार नव्हते, आत असतानाच हल्ला झाला आणि शंभरावर जखमी झाले. आजोबा त्याच कारखान्यातून रिटायर झालेत, पण त्या रात्रीचा विषय काढला की उठून कॉफी करायला जातात.

रविवारी शुमारित्सेला, इथल्या स्मारक-उद्यानात, जाऊन आलो. 21 ऑक्टोबर 1941 ला जर्मनांनी तिथे माणसं रांगेने उभी करून मारली, एका मेलेल्या जर्मनामागे शंभर असा हिशोब, त्यात शाळेतली पोरं आणि त्यांचे मास्तर पण होते. टेकडीवर पांढरं मोठं स्मारक आहे, तुटलेल्या पंखांसारखं, पण मी अडकलो ते म्युझियममध्ये. मारायच्या आधी लोकांनी हाताला लागेल त्या कागदावर घरी निरोप लिहिलेत. एकाने एवढंच कळवलंय की उद्या माझ्यासाठी पाव आणू नका. बाबा, तुमची नाइट शिफ्ट असली की आई डबा भरायची आणि ओव्हरटाइम लागला की तुम्ही शेजाऱ्यांकडे फोन करून सांगायचात ना, डबा पाठवू नका, ते आठवलं, मग पुढचं काही नीट बघितलंच नाही मी.

बरं, एक काम आहे. आपल्याकडे पद्मिनी होती, ती पण फियाटच, हे आजोबांना सांगितलं तर त्यांनी हवेतच स्टिअरिंग धरलं आणि दुसऱ्या हाताने गिअर टाकून दाखवला, गिअर इथेच होता ना म्हणून. तर आईच्या अल्बममधला तो कशेडी घाटातला फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, बॉनेट उघडं आणि तुम्ही वैतागलेले तोच, सगळ्यांनी हसून काढलेला नको.

तुमचा,
बंड्या